पांघरूण आणि पडदा

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आम्हांस भेटावयास आला. त्याने मोबाइलवर अकरा मिनिटांचा एक लघुपट तयार केला होता. विषय त्याच्याच घरचा होता: दारूपायी वडिलांनी विकलेली आईची पोत आणि त्या रात्रीचे घर. हा लघुपट नाताळच्या कार्यक्रमात सर्वांसमोर दाखवावा, अशी त्याची इच्छा होती. "फादर, यातली एकही गोष्ट खोटी नाही," तो म्हणाला. ते खरेच होते. परंतु कार्यक्रमाला त्याचे वडीलही येणार होते. सत्य सांगण्याचा मुलाचा हक्क मोठा, की आईबापाचा मान राखण्याची चौथी आज्ञा मोठी? त्या दिवशी आम्हांस उत्तर देता आले नाही. (हा प्रसंग पितापुत्र दोघांच्याही अनुमतीने, नावे टाळून, आम्ही येथे मांडत आहोत.)

प्रश्न जुना आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात नोहा द्राक्षारस पिऊन आपल्या तंबूत उघडा पडतो. हाम बापाची ती अवस्था पाहतो आणि बाहेर जाऊन भावांना सांगतो. शेम आणि याफेथ मात्र खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे चालत आत जातात आणि बापावर पांघरूण घालतात. ही कथा वरवर वाचली, तर आपल्या घराचे उणे जगापुढे मांडणारा प्रत्येक लेखक, प्रत्येक चित्रपट दिग्दर्शक हामच्या पंक्तीत बसतो.

तथापि खुद्द संत ऑगस्टीन यांचे काय? 'कन्फेशन्स'मध्ये त्यांनी वडिलांचा तापटपणा आणि पत्नीशी केलेली प्रतारणा लपवलेली नाही. संत मोनिका लहानपणी पिंपातला द्राक्षारस चोरून पीत असत, हेही त्यांनी सांगितले आहे. ख्रिस्तसभेने या पुत्राला हाम ठरवले नाही. मोनिका ३८७ साली वारल्या आणि हे लेखन त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी झाले, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे.

अमेरिकन दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीही असाच विलंब केला. त्यांच्या आईचे निधन २०१७ साली झाले, वडिलांचे २०२० साली. आणि त्यांच्या बालपणावर आधारलेला 'द फेबलमन्स' आला तो २०२२ साली. त्यातील सॅमी हा सिनेमाने झपाटलेला मुलगा आहे. पहिल्याच चित्रपटात पाहिलेला आगगाडीचा अपघात तो घरी खेळण्यातल्या गाडीने पुन्हा घडवतो आणि कॅमेऱ्यात पकडतो. पुढे कुटुंबाच्या सहलीचे चित्रीकरण जोडताना त्याच्या ध्यानात येते, की आपल्या आईचे मन वडिलांच्या मित्रात गुंतले आहे. ते तुकडे तो काढून टाकतो; घरच्यांना उरलेली आनंदी सहल दाखवतो. नंतर केव्हातरी आईला एकटीलाच कपड्यांच्या खोलीत बसवून तो वगळलेले तुकडे दाखवतो. आई कोसळते, ही गोष्ट कोणालाही सांगणार नाही, असे मुलगा वचन देतो. सत्य तेच, परंतु ते आधी कोणाला दाखवायचे, याचा विवेक त्या पोरवयातही त्याला होता.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण याहून कठीण आहे. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी स्वतःच्या बालपणीच्या अनुभवांतून 'फँड्री' उभा केला. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो महाराष्ट्रात प्रदर्शित झाला आणि दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास लाभला. 'फँड्री' म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. जब्या हा शाळकरी मुलगा शालू नावाच्या वर्गातल्या मुलीवर मनोमन जीव टाकतो आणि बाप कचरू याला गावाच्या सांगण्यावरून डुकरे धरावी लागतात. शेवटी ते काम शाळेजवळ निघते. वर्गातली पोरे हसत पाहत राहतात. जब्या आडोशाला लपतो आणि बापाच्या शिव्या खातो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे कुटुंब जागच्या जागी उभे राहते. पुढे बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचे आणि सावित्रीबाईंचे चित्र दिसते. अखेर चिडवणाऱ्यांवर जब्या दगड भिरकावतो. शेवटचा दगड थेट आपल्याकडे, प्रेक्षकांकडे येतो.

या चित्रपटात बापाची लाचारी झाकलेली नाही. तरीही कॅमेरा कचरूला एकदाही हसत नाही. इतकी वर्षे बापाच्या गळ्यात लटकलेली लाज काढून ती हसणाऱ्यांच्या गळ्यात घातलेली आहे. शिवाय मुलालाही सूट दिलेली नाही: आपल्याच बापाला पाहून लपणारा जब्या दिग्दर्शकाने तसाच ठेवला आहे. हामने बापाचे उघडेपण सांगितले; त्यात स्वतःचे काही सांगितले नाही. आम्हांस फरक येथे दिसतो.

त्या दगडाने आम्हांस नेमके कोठे गाठले, तेही सांगितले पाहिजे. 'करुणामयुडू' या १९७८ च्या तेलुगू चित्रपटाची 'दयासागर' ही हिंदी आवृत्ती त्या काळी गावोगाव दाखवली जात असे. आमच्याकडे ती मैदानात पांढरा पडदा बांधून दाखवली. गर्दीत दिसेना, म्हणून वडिलांनी आम्हांस खांद्यावर घेतले आणि सबंध चित्रपटभर ते उभे राहिले. क्रूसाचा प्रसंग आम्ही त्यांच्या खांद्यावरून पाहिला. सिनेमाची गोडी तेथे लागली. पुढे सेमिनरीत प्रवेश घेताना अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' असा रकाना होता. आम्ही लिहिले, 'शेती'. वडिलांच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ते कोयता घेऊन ऊसतोडीला जात आणि उन्हाळ्यात परतत.

आम्ही वडिलांवर पांघरूण घातले, अशी स्वतःची समजूत आम्ही कित्येक वर्षे करून घेतली. वस्तुतः शेमने पांघरूण बापावर घातले होते. आम्ही ते स्वतःवर ओढून घेतले. वडिलांना झाकण्याची गरज नव्हती. उघडे पडण्याचे भय आमचे होते.

म्हणून त्या तरुणास आम्ही शेवटी इतकेच सांगितले: हा लघुपट आधी वडिलांना दाखव, एकट्याला, ते शुद्धीवर असताना, आणि मग काय करायचे ते तुम्ही दोघे ठरवा. तीन आठवड्यांनी तो परत आला. वडिलांनी लघुपट दोनदा पाहिला होता. रागावले नाहीत. फक्त विचारले, "ह्यात तू कुठं हाईस?"

त्या रात्री तो मित्राच्या घरी निघून गेला होता. आई एकटी होती. हे अकरा मिनिटांत कोठेच आले नव्हते.

आता लघुपट तेरा मिनिटांचा आहे. बाहेरून दार ओढून घेणाऱ्या मुलापासून तो सुरू होतो. नाताळ होऊन गेला. तो दाखवला गेला नाही. वडील अद्याप हो म्हणालेले नाहीत आणि मुलगा आग्रह धरीत नाही. दारू सुटली, असेही आम्ही म्हणणार नाही. मात्र आईला घेऊन दोघे रविवारच्या मिस्साला एका बाकावर बसतात, हे आम्ही वेदीवरून पाहतो.

वडील वारल्याला बरीच वर्षे झाली. तो अर्ज आता कोठे असेल, कोणास ठाऊक. या पानापुरता तरी तो रकाना आम्ही दुरुस्त करीत आहोत. वडिलांचा व्यवसाय: ऊसतोड मजूर.