जोडीने दर्शनाला जाताना

लग्न पार पडल्यावर नवदांपत्याने प्रथम कुलदैवताच्या पायांवर डोके ठेवावे आणि मगच अन्यत्र फिरावयास जावे, हा महाराष्ट्रातील असंख्य घरांत आजही पाळला जाणारा कुलाचार आहे. कुलाचार म्हणजे शास्त्रग्रंथाच्या आज्ञेपेक्षा घराण्याच्या वहिवाटीमुळे चालत आलेला विधी. खंडोबा ज्यांचे दैवत आहे ती घराणी जेजुरीला जातात आणि तेथे नवरदेव नवरीला उचलून घेऊन गडाच्या निदान पाच पायऱ्या चढतो. कोणी तुळजापूरला जाते, कोणी कोल्हापूरला अंबाबाईची ओटी भरते, तर रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागातील, म्हणजे कर्जत-खालापूर पट्ट्यातील, अनेक आगरी, कोळी आणि कायस्थ प्रभू घराण्यांची पावले बोरघाट चढून कार्ल्याच्या एकवीरेकडे वळतात. कर्जतहून मुरबाडच्या दिशेने जाताना लागणारे कडाव हे गाव बालदिगंबर गणेशाच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. दिगंबर म्हणजे वस्त्र नसलेला, आणि येथे गणेश बालरूपात पूजिला जातो. पंचक्रोशीतील नवी जोडपी येथेही दर्शनाला येतात. अलीकडच्या काळात त्यांच्यात अशीही जोडपी दिसू लागली आहेत की ज्यांचा जन्म आणि संसार दोन्ही अमेरिकेत आहेत, ज्यांचे मराठी घरापुरतेच आहे, आणि ज्यांना आजी-आजोबांचे हे गाव नकाशात शोधावे लागते.

अशा जोडप्याला नातेवाईक ज्या सूचना देतात त्या साध्या असतात: पाणी कोणते प्यावे, चपला कोठे काढाव्यात, ओटीत काय असावे, पावसात कोठे जाऊ नये. या सूचना आणि दर्शनाचा धार्मिक हेतू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली केवळ सोयीची आणि दुसरी श्रद्धेची, असे सहसा गृहीत धरले जाते. हे गृहीत परंपरेच्याच कसोटीवर टिकत नाही, आणि ते बाजूला सारल्यावाचून अशा प्रवासाचा धर्मार्थ नीट कळत नाही, एवढेच येथे दाखवावयाचे आहे.

तीर्थ म्हणजे मुळात नदी ओलांडण्याची जागा, उतार. पुढे पवित्र स्थळ असा त्याचा अर्थ रूढ झाला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात (१९५३) तीर्थयात्रेची वचने विस्ताराने एकत्र केली आहेत, आणि त्या सर्व साहित्यात एक विचार पुन्हा पुन्हा भेटतो. महाभारताच्या वनपर्वातील तीर्थयात्रेच्या प्रकरणात तो स्पष्टपणे आला आहे: ज्याचे हात, पाय आणि मन ताब्यात आहेत, जो मिळेल त्यावर संतुष्ट आहे आणि ज्याला अहंकार नाही, त्यालाच तीर्थाचे फळ मिळते. हातांचा संयम म्हणजे दुसऱ्याची वस्तू न घेणे, पायांचा संयम म्हणजे जेथे जाऊ नये तेथे न जाणे, असा त्याचा सरळ अर्थ लावता येतो, आणि तो लावला की वाटेवर कसे वागावे हा प्रश्न आपोआप धर्माचा प्रश्न होतो. देवळाच्या दाराशी पोहोचणे पुरेसे मानले असते तर या अटी घालण्याचे कारणच उरले नसते.

एकट्या यात्रेकरूसाठी घातलेल्या या अटी दोघांना लागू करताना एक नवी अडचण उभी राहते, कारण तेथे आणखी एका मनाचा प्रश्न येतो. पद्मपुराणाच्या भूमिखंडातील कृकल आणि सुकला यांची कथा नेमकी या अडचणीवर बोट ठेवते. कृकल हा वाराणसीचा वैश्य. तो तीर्थयात्रेला निघाला तेव्हा त्याच्या पत्नीने, सुकलेने, बरोबर येण्याची इच्छा सांगितली. परंतु ऊन, थंडी, खडकाळ वाट हे तिच्या नाजूक शरीराला सोसणार नाही, असे स्वतःच्या मनाशी ठरवून तो तिला न सांगता निघून गेला. यात्रा पुरी करून, पितरांची श्राद्धे उरकून तो परतू लागला, तेव्हा सहधर्मचारिणीला, म्हणजे धर्मकृत्यात बरोबरीने सहभागी असणाऱ्या पत्नीला, मागे ठेवून केलेले हे सारे निष्फळ झाले, असे त्याला सांगण्यात आले. पुराणकाराने कृकलाला दुष्ट रंगवलेले नाही, आणि कथेचे बळ नेमके त्यात आहे. त्याचा हेतू प्रेमाचाच होता. चूक एवढीच की जे तिने ठरवावयाचे ते त्याने ठरवले. या कथेच्या पुढील भागात पातिव्रत्याची जी दीर्घ स्तुती येते ती आजच्या वाचकाला एकतर्फी वाटेल, आणि तसे वाटणे योग्यच आहे. तरीही काळजीच्या नावाखाली दुसऱ्याचा निर्णय घेणे हा यात्रेतील दोष आहे, हे कथेने सांगितलेले सत्य त्यामुळे उणे होत नाही.

या कथेचा प्रकाश कडावच्या वाटेवर सहज पडतो. गाभाऱ्यात जावयाचे की बाहेरून नमस्कार करावयाचा, साडी नेसावयाची की नाही, उपवास धरावयाचा की नाही, मासिक पाळी असेल तर दर्शन पुढे ढकलावयाचे की नाही, यांतील प्रत्येक गोष्टीवर घरातील वडीलधाऱ्यांचे मत असते आणि ते आदराने ऐकून घ्यावे. पण जी देवळात पाऊल टाकणार तिला न विचारता ते ठरले तर कृकलाचीच गोष्ट पुन्हा घडते.

परक्या नगरात जाणाऱ्या नववधूला दिलेला भारतीय साहित्यातील सर्वांत प्रसिद्ध उपदेश कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ नाटकाच्या चौथ्या अंकात आहे. १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी प्रेक्षकाला तो प्रसंग आपल्याच घरातल्या पाठवणीसारखा ओळखीचा झाला. आश्रमात वाढलेली शकुंतला हस्तिनापूरला निघते, आणि कण्व तिला सांगतात की वडील माणसांची सेवा कर, सवतींशी मैत्रिणीसारखी वाग, पती रागावला तरी त्याच्यावर उलटू नकोस, नोकरचाकरांशी उदार राहा, ऐश्वर्याने चढून जाऊ नकोस. उपदेश तळमळीचा आहे, त्यातील बराचसा आजही शहाणपणाचा वाटतो, आणि तरीही नाटकाच्या पुढच्याच अंकात तो निरुपयोगी ठरतो, कारण शकुंतलेने सर्व पाळले असते तरी तिला ओळखणे हे तिच्या पतीचे, दुष्यंताचे, काम होते आणि तेच त्याने केले नाही. दुर्वासांचा शाप हे कथानकातील कारण खरे. पण वाचकाच्या मनात उरतो तो प्रश्न असा की बहुतेक सूचना जाणाऱ्या बाईलाच का दिल्या गेल्या. ओळखीची खूण असलेली अंगठीही हरवते ती शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना, म्हणजे एका तीर्थावरच, आणि त्या वेळी पती तिच्या शेजारी नसतो.

अमेरिकेहून आलेल्या जोडप्याच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे दोघेही परके असतात आणि त्यांपैकी एक जण मराठी नसण्याचीही शक्यता असते. वधू किंवा वर जर अन्य धर्मात वाढलेला असेल तर त्याला देवळातील प्रत्येक हालचाल नवी असते. अशा वेळी घरच्या माणसाने आधी काय होणार आहे ते सांगून ठेवणे हे पाहुणचाराचे पहिले कर्तव्य ठरते. पादत्राणे पायरीखाली काढावी लागतात. चामड्याचा पट्टा किंवा पाकीट अनेक घरांत देवाजवळ नेत नाहीत. गणपतीला दूर्वांची जुडी, जास्वंद आणि मोदक वाहतात, तुळस एरवी वाहत नाहीत. प्रसाद उजव्या हातात घेतात. गाभाऱ्याचे छायाचित्र पुजाऱ्याला विचारल्याशिवाय काढू नये. देवीची ओटी भरावयाची असेल तर खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी घरूनच बांधून न्यावी. संकल्पाच्या वेळी, म्हणजे पूजा कोण, कोठे, कोणत्या दिवशी आणि कशासाठी करीत आहे हे उच्चारताना, पती उजव्या तळहातावर पाणी घेतो आणि पत्नी आपल्या उजव्या हाताने त्याच्या हाताला स्पर्श करते. पाणी एकाच्याच हातून सुटते, पण त्या स्पर्शामुळे कृत्य दोघांचे मानले जाते. ही खूण आधी समजावून सांगितली तर ती दोघांच्याही मनात राहते, आणि न सांगितली तर पुजारी घाईने हात धरून जागेवर ठेवतात एवढेच घडते.

पाण्याचा विषय किरकोळ वाटतो, पण परक्या पोटाला तो किरकोळ नसतो, आणि कडावसारख्या गावात नाकारण्याची रीत माहीत नसेल तर आजारही होतो आणि यजमानांचे मनही दुखावते. यावर जुना तोडगा चहाचा आहे: उकळलेला असल्याने तो निर्धास्त घेता येतो, आणि घरात पाऊल टाकलेल्या पाहुण्याने निदान चहा घेतला म्हणजे घर मान राखल्याचे समजते. सरबत किंवा ताक आग्रहाने पुढे आले तर पोटाचे कारण स्पष्ट सांगावे. खोटा उपवास सांगू नये, कारण त्यानंतर फराळाचे ताट येते आणि असत्याचा विस्तार करावा लागतो.

ऋतूचा विचार याहून गंभीर आहे. पावसाळ्यात कर्जत आणि खालापूर तालुक्यांचे डोंगर पाहण्यासाठी मुंबई-पुण्याकडून प्रचंड गर्दी होते, धबधब्यांवर आणि धरणांवर अपघात होतात, आणि त्यामुळे अनेक पावसाळ्यांत प्रशासन अशा ठिकाणी जाण्यास मनाई करते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी ही ठाकरवाडी दरड कोसळून गाडली गेली आणि अनेक माणसे मृत्युमुखी पडली. ज्या डोंगराच्या ढगांकडे नवे जोडपे आनंदाने बघते त्याच डोंगराखाली कोणाचे घर गेले आहे, याची जाणीव ठेवणे हा पायांच्या संयमाचाच भाग आहे. मनाई असताना धबधब्याखाली न उतरणे, ठाकर किंवा कातकरी वाडीत शिरून लोकांची छायाचित्रे न काढणे, भाताची लावणी चालू असलेल्या खाचराचा बांध न तुडवणे, या गोष्टी महाभारतकाराने जिला तीर्थफळाची अट म्हटले तिचीच आजची रूपे आहेत. पर्यटनाचे शिष्टाचार म्हणून त्या पाळल्या तरी चालतात. पण नवदांपत्य देवाकडे निघाले आहे असे स्वतः म्हणत असेल तर या गोष्टींचा दर्जा त्याहून वरचा आहे.

कडावहून खोपोलीमार्गे घाट चढला की कार्ले जवळ येते, आणि वाटेत खालापूर तालुक्यातच महडचा वरदविनायक लागतो, जेथे भाविकाने स्वतः गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने पूजा करण्याची परंपरा प्रसिद्ध आहे. एकवीरेचे देऊळ मात्र याहून विलक्षण जागी उभे आहे. ते कार्ल्याच्या बौद्ध चैत्यगृहाच्या अगदी दाराशी आहे. चैत्यगृह म्हणजे ज्याच्या टोकाला स्तूप असतो असे खडकात कोरलेले प्रार्थनागृह, आणि हे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातील मानले जाते. त्याच्या दर्शनी भिंतीवर, प्रवेशद्वारांच्या बाजूंना, स्त्रीपुरुषांच्या जोड्या, म्हणजे मिथुने, जवळजवळ माणसाच्या उंचीची कोरलेली आहेत: अंगावर भरघोस दागिने, डोक्यावर वजनदार शिरोभूषणे, एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. अशा एका जोडीचे दान भदसम नावाच्या भिक्खूने केल्याचा शिलालेख तेथे आहे. ज्याने स्वतः संसार सोडला त्याने दांपत्याची मूर्ती देवालयाच्या दाराशी बसवावी, यात दोन जीवनमार्गांचा परस्परांविषयीचा आदर दिसतो, आणि पुढील काळात या आदराचा विसर अनेक संप्रदायांना पडला हे खेदाने मान्य करावे लागते. आतील स्तंभांपैकी काहींवर धेनुकाकट येथील यवनांनी, म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परदेशीयांनी, ते दिल्याची नोंद आहे. परक्यांनी या जागी स्तंभ देऊन आपले नाव सोडले आहे, आणि त्यांना परके म्हणून बाहेर ठेवलेले नाही.

परक्याला त्याच्या नावासह सामावून घेणाऱ्या या उदाहरणामुळे कुलाचाराच्या एका जुन्या उणिवेकडे लक्ष वळते. दर्शनाला जावयाचे ते वराच्या कुलदैवताच्या, वधूने तेथे नव्या कुळात प्रवेश करावयाचा, आणि तिच्या माहेरचे दैवत सुटले असे मानावयाचे, ही रीत दीर्घकाळ चालली. सप्तपदीचे, म्हणजे अग्नीजवळ वधूवरांनी एकत्र टाकलेल्या सात पावलांचे, सातवे पाऊल हे मैत्रीचे मानले जाते, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या सातव्या कलमाने ज्या रीतीत सप्तपदी आहे तेथे विवाह त्या सातव्या पावलाला पूर्ण होतो असे ठरवले आहे. जे नाते मैत्रीवर पूर्ण होते त्यात एकाचेच दैवत दोघांचे होण्याला आधार शोधणे अवघड आहे. अनेक घरांनी हे आता उघडपणे स्वीकारले आहे, आणि जोडपे दोन्हीकडील देवांना जाते. अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी आलेल्यांना हे वेळेच्या दृष्टीने कठीण वाटते खरे. पण एका दिवसात कडाव, महड आणि कार्ले उरकण्यापेक्षा एक दिवस तिच्या घराण्याच्या देवाला आणि एक दिवस त्याच्या घराण्याच्या देवाला द्यावा, आणि पहिला दिवस कोणाचा हे दोघांनी बसून, वडीलधाऱ्यांना कळवण्यापूर्वी, आपसात ठरवावे.