लेंकराचें ताट आणि बापाचें कर्ज

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ५, वचनें १ ते १३



यरुशलेमेचा कोट बांधला जात असतां लोकांत मोठी ओरड झाली. दुष्काळांत धान्य मिळावें म्हणून कित्येकांनीं शेतें, द्राक्षमळे व घरें गहाण टाकिलीं होतीं. शेवटीं पोटचीं मुलें दास्यांत द्यावीं लागलीं. अन्नाचें ऋण बापानें काढिलें, पण जूं पडलें तें लेंकरांच्या मानेवर.

ही गोष्ट जुन्या काळची म्हणून सोडून देतां येत नाहीं. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशांत १९४६ सालीं शाळेंतील भोजनाविषयीं राष्ट्रीय कायदा झाला. फार गरीब मुलांस तेथें तें फुकट मिळतें; त्यांहून किंचित् बऱ्या स्थितींतल्यांस सवलतीनें मिळतें; पण मिळकत ठरलेल्या मर्यादेच्या थोडी वर गेली कीं पूर्ण दाम द्यावा लागतो. मजुरी बुडाली किंवा अर्ज भरावयाचा राहिला, कीं मुलाच्या नांवावर बाकी चढते. कित्येक शाळांत अशा मुलाच्या हातचें ऊन अन्न काढून घेऊन टाकून देत व त्यास थंड पाव देत. कोठें हातावर शिक्काही मारीत. आपल्या गांवच्या शाळेंत खिचडी वाढतांना कोणी पैसे विचारीत नाहीं, म्हणून आपणांस हें ऐकून नवल वाटेल.

तेथील कित्येक मंडळ्यांनीं वर्गणी करून अशीं कर्जें फेडिलीं. हें दयेचें काम उत्तम. पण आज फेडिलेली बाकी पुढें पुन्हां चढते. नहेम्यानें केवळ दान गोळा केलें नाहीं. त्यानें सभा भरविली, सरदारांस तोंडावर दोष दिला, गहाण परत करविलें आणि याजकांस बोलावून शपथ घेवविली. दयेस त्यानें नियमाचें बळ दिलें. त्याचप्रमाणें २०१७ सालीं न्यू मेक्सिको संस्थानानें, बाकीसाठीं मुलास लाजवूं नये, मागणें तें आईबापांकडे करावें, असा कायदा केला. २०२२ पासून कॅलिफोर्निया व मेन आणि २०२३ पासून मिनेसोटा येथें कायद्यानें सर्व मुलांस मिळकत न विचारतां जेवण मिळूं लागलें. जेथें ताटाचा दाम नाहीं, तेथें बाकीही नाहीं.

कोणी म्हणेल, ऐपत असलेल्यांच्या मुलांस फुकट कां? प्रभूनें पांच हजारांस गवतावर बसविलें, तेव्हां कोणाच्या कमरेस किती नाणीं आहेत, हें विचारिलें नाहीं. खर्च मोठा आहे खरा. पण तो समर्थांनीं सोसावा. नहेम्यानेंही बारा वर्षें अधिकाऱ्याचा शिधा घेतला नाहीं.

आतां आपणांकडे पाहूं. हें लिहितांना आमचें मन आम्हांस दोष देतें. वर्गणी थकली म्हणून उपासनेंत नांवें वाचण्याची चाल आम्हीं पाहिली आणि गप्प बसलों; त्या घरचें मूल खालीं मान घालून बसलें होतें. पंच व उपदेशक बंधूंनो, हिशेब अवश्य ठेवावा. पण बाकीचें बोलणें बापाशीं, त्याच्या घरीं, एकांतांत करावें. प्रीतिभोजनाच्या पंक्तींत कोणाही लेंकरास घरचें देणें आठवावें, असें वर्तन आपणांकडून न होवो. आपलें न फिटणारें ऋण प्रभूनें वधस्तंभावर फेडिलें आहे. अशा ऋणमुक्तांनीं लेंकराच्या ताटावर बाकी लिहूं नये. आमेन.