अंजनी फुलली की हात कुणाला जोडायचे?

शंका : मी कोयनानगरला राहते. फाल्गुन सरता सरता नवजाच्या बाजूला अंजनी फुलते, कुसुंबाला लालभडक पालवी येते, खाली शिवसागराचं पाणी दिसतं आणि माझे हात आपोआप जोडले जातात. देवळातही इतकं मन लागत नाही. पण सासूबाईंचं माहेर याच पाण्याखाली गेलं. त्या म्हणतात, "ज्या पाण्यानं गाव गिळलं, त्याच्याकडं बघून मला देव आठवत नाही." भूकंपाचंही सांगतात. मग माझी कृतज्ञता खरी, की नुसती हौस? आणि ती फुलं घरी आणून देवाला वाहिली तर चालेल का?
— एक भगिनी, कोयनानगर

समाधान : ताई, हात जोडले जातात ते जोडू द्या. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंत आपल्या विभूती सांगतात, तेव्हा एकाच श्लोकात महिन्यांतला मार्गशीर्ष आणि ऋतूंतला वसंत मीच, असं म्हणतात. वसंतात देव दिसणं ही हौस नव्हे. देवळात मन लागत नाही याचीही खंत नको.

पण तो श्लोक अर्धाच धरू नका. ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयना हादरली, घरं झोपेतल्या माणसांवर कोसळली, पावणेदोनशेच्या वर जीव गेले. तो महिना मार्गशीर्षच होता. आणि पुढच्याच अध्यायात तेच भगवंत 'मी काळ आहे' असं सांगतात. ते रूप पाहून अर्जुन थरथर कापतो, पहिलं रूप दाखव म्हणून विनवतो. देव त्याला अश्रद्ध म्हणत नाहीत. सौम्य रूप घेऊन धीर देतात. तुम्ही दहाव्या अध्यायात उभ्या आहात आणि सासूबाई अकराव्यात. त्यांची श्रद्धा तुमच्याहून उणी आहे, असं मी तरी म्हणणार नाही.

आता पाण्याचं. अंजनी देवानं फुलवली. शिवसागर माणसांनी कोयना नदीवर धरण बांधून केला. १९६२च्या सुमारास तिथं पाणी साठू लागलं आणि आज त्यात सुमारे १०५ टीएमसी मावतं. त्यासाठी पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांतली माणसं उठली. कुणी रायगड-ठाण्याकडं गेलं, कुणी सोलापूर-सांगलीकडं. हक्काच्या जमिनीसाठी त्यांची नातवंडं अजून आंदोलनं करतात. याच पाण्यावर तयार होणारी वीज साऱ्या महाराष्ट्राला मिळते. या पाण्याबद्दल पहिले आभार मानायचे ते उठलेल्या गावांचे. त्यांचं देणं देवाच्या नावावर टाकून आपल्याला मोकळं होता येत नाही.

म्हणून सासूबाईंना समजवायला जाऊ नका, विचारा. माहेरचं ग्रामदैवत कोणतं होतं, त्याच्या आवारात झाडं कोणती होती, चैत्रगौर कशी मांडायचे. यंदा गौर त्यांच्या माहेरच्या रीतीनं मांडा, आंबेडाळ-पन्हं त्यांच्याच हातचं होऊ द्या. त्या सांगतील ते मध्ये न बोलता ऐका, रडल्या तर रडू द्या. त्यांनी तळ्याकडं बघून हात जोडावेत अशी अपेक्षा मात्र मनातसुद्धा धरू नका.

फुलांचं उत्तर सोपं आहे : आणू नका. अंजनीची जांभळट-निळी बारीक फुलं फांदीलाच बिलगून झुपक्यांनी येतात. जवळ जाऊन बघा, झाड मधमाश्यांनी गुणगुणत असतं. त्या दिवसांतलं ते त्यांचं अन्न आहे. शिवाय कोयना १९८५पासून अभयारण्य आहे, तिथलं काही तोडायचंच नसतं. खाली गळलेलं फूल देवाला वाहायची मुभा आपल्याकडं पारिजातक-बकुळीला आहे, अंजनीला ती आहे असं मी ऐकलेलं नाही. उभ्या झाडाखालीच मानसपूजा करा. शास्त्रानं ती कमी मानलेली नाही.

आणि न विचारलेलं एक सांगतो. याच दिवसांत गवत चांगलं येतं या समजुतीनं डोंगर पेटवले जातात. त्यात करवंदीची जाळी जळते, जमिनीवरची घरटी अंड्यांसकट जातात. घरातलं, भावकीतलं कुणी काडी ओढत असेल तर त्याला अडवा, वाईटपणा आला तरी चालेल. आणि उन्हाळ्याआधी गावाजवळ वणवा अडवायला जाळरेषा काढायचं काम निघेल, तेव्हा घरातलं एक माणूस तिथं धाडा.