पंचावन्न वर्षांनी अ‍ॅटिकस

१४ जुलै २०१५. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये कितीतरी पुस्तकांची दुकानं त्या मध्यरात्री उघडी राहिली. लेखिका ८९ वर्षांची होती आणि तोवर तिच्या नावावर एकच कादंबरी होती, तीही ५५ वर्षांपूर्वीची. तरी ‘गो सेट अ वॉचमन’ची पहिली आवृत्ती वीस लाखांची निघाली आणि एका आठवड्यात एकट्या उत्तर अमेरिकेत अकरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढे त्याच उन्हाळ्यात मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीतल्या एका दुकानाने हे पुस्तक परत करणाऱ्या ग्राहकांना पैसे देऊ केले. पुस्तकात पानं कमी नव्हती की छपाई बिघडलेली नव्हती. नवी कादंबरी म्हणून जे विकलं गेलं ते खरं तर एक जुना खर्डा आहे, हे ग्राहकाला आधी कळायला हवं होतं, असं दुकानदाराचं म्हणणं होतं.

कोलोरॅडोतल्या एका जोडप्याने तर आपल्या चौदा महिन्यांच्या मुलाचं नाव बदललं. तो अ‍ॅटिकस होता, त्याचा ल्यूकस झाला.

पुस्तक आवडलं नाही म्हणून कोणी मुलाचं नाव बदलत नाही. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मधला अ‍ॅटिकस फिंच हा वकील अमेरिकी वाचकांच्या तीन पिढ्यांसाठी पुस्तकातलं पात्र राहिलाच नव्हता. ११ जुलै १९६० रोजी कादंबरी आली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं, १९६२च्या चित्रपटातल्या अ‍ॅटिकसच्या भूमिकेसाठी ग्रेगरी पेक यांना ऑस्कर मिळालं. मग कादंबरी शाळाशाळांत शिकवली जाऊ लागली. २००३ साली अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटने अमेरिकी चित्रपटांतल्या नायकांची क्रमवारी लावली, तेव्हा पहिला क्रमांक अ‍ॅटिकसला दिला. अलाबामातल्या वकिलांच्या संघटनेने लींच्या गावात, मन्रोव्हिलमध्ये, या काल्पनिक माणसाचं स्मारक उभारलं. त्याच्यामुळे आपण कायद्याकडे वळलो, असं सांगणारे वकील अमेरिकेत आजही भेटतात.

अशा माणसाला वाचक पुन्हा भेटायला गेले, तेव्हा तो बहात्तर वर्षांचा, संधिवाताने जखडलेला आणि गोऱ्यांच्या ‘सिटिझन्स कौन्सिल’च्या बैठकीत अग्रभागी बसलेला सापडला. शाळांतलं वर्णविभाजन उठवू पाहणाऱ्या न्यायालयावर तो चिडलेला होता. कृष्णवर्णीय माणसं अजून पूर्ण नागरिकत्वाला लायक झालेली नाहीत, असं तो मुलीला समजावत होता.

या आघातामागे एक गफलत होती, ती आधी सांगायला हवी. ‘वॉचमन’ हा ‘मॉकिंगबर्ड’चा पुढचा भाग नाही. कथेचा काळ वीसेक वर्षांनी पुढचा असला तरी लेखनाचा काळ मागचा आहे. ली १९४९ मध्ये न्यूयॉर्कला आल्या आणि विमान कंपनीत तिकिटं आरक्षित करण्याची नोकरी करू लागल्या. १९५६च्या नाताळात मायकेल आणि जॉय ब्राउन या मित्र दांपत्याने त्यांना वर्षभर पुरेल एवढे पैसे भेट दिले आणि नोकरी सोडून लिही म्हणून सांगितलं. १९५७च्या सुरुवातीला जे हस्तलिखित त्यांच्या एजंटकडे गेलं, ते ‘वॉचमन’. लिपिनकॉट या प्रकाशनसंस्थेत ते टे होहॉफ या संपादिकेच्या हाती पडलं. अ‍ॅटिकसची तरुण मुलगी जीन लुईस, म्हणजे लहानपणीची स्काउट, हिच्या बालपणीच्या आठवणींत त्यांना खरा प्राण दिसला. त्या मुलीच्या डोळ्यांनी सगळं पुन्हा लिही, असं त्यांनी सुचवलं आणि ली यांनी दोनेक वर्षं खपून ते लिहिलं.

२०१५ मध्ये ही माहिती लपवलेली नव्हती. प्रकाशनाची घोषणा झाली त्याच दिवशी लींच्या निवेदनात ती आली होती. तरीही बातम्यांतून ‘सीक्वेल’ हा शब्द सुटला आणि वाचकांनी तोच धरला. हे स्वाभाविक म्हणायला हवं. पन्नास वर्षं ज्या मुलीचं पुढे काय झालं याची हुरहूर लागलेली असते, तिची गोष्ट हाती आल्यावर प्रस्तावनेतल्या तारखा कोण बघतो? आणि या पुस्तकाला तर तशी प्रस्तावनाही नव्हती. संपादकीय टिपण नाही, दोन संहितांचा संबंध सांगणारं पानभर लेखन नाही. जेम्स जॉइस यांच्या निधनानंतर ‘स्टीफन हीरो’ प्रसिद्ध झालं, तेव्हा ते ‘अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन’चं आधीचं रूप म्हणून वाचकांसमोर आलं. त्यामुळे कोणाची फसगत झाली नाही. ‘वॉचमन’लाही तोच मान मिळायला हवा होता.

कारण खर्डा म्हणून हे पुस्तक विलक्षण आहे. दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवली की एक कादंबरी कशी घडते, हे डोळ्यांदेखत दिसतं. मेकोंब गावाची काही वर्णनं दोन्हीकडे जवळपास जशीच्या तशी आहेत. पण ‘वॉचमन’मध्ये बू रॅडली नाहीच. दाराआड राहणारा, झाडाच्या ढोलीत मुलांसाठी भेटी ठेवणारा तो माणूस, ज्याच्याशिवाय ‘मॉकिंगबर्ड’ची कल्पनाच करता येत नाही, तो दुसऱ्या लेखनात जन्मला. जेम, स्काउटचा लाडका भाऊ, ‘वॉचमन’च्या पहिल्याच प्रकरणात जाता जाता एका वाक्यात मेलेला असतो. आणि तो खटला! ‘मॉकिंगबर्ड’मध्ये टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसाचा खटला कादंबरीचा कणा आहे, तिथे अ‍ॅटिकस हरतो आणि टॉम पुढे गोळ्यांना बळी पडतो. ‘वॉचमन’मध्ये अशाच एका खटल्याची ओझरती आठवण येते, तिथे आरोपी निर्दोष सुटलेला आहे. जिंकलेला खटला हरलेला करणं, हा लींच्या लेखनजीवनातला बहुधा सर्वांत मोठा निर्णय असावा.

पण वाचकांचं दुःख फक्त ‘सीक्वेल’ या शब्दामुळे होतं, असं म्हणून सुटका होत नाही. खर्डा असो वा नसो, तो अ‍ॅटिकस लींनीच लिहिला होता, आणि आधी लिहिला होता.

होहॉफ यांच्या सूचनेमुळे कथेचा निवेदक बदलला, तसा तिचा काळही बदलला. ‘वॉचमन’ लिहिलं जात होतं तेव्हा त्यातलं सगळं ताज्या बातमीसारखं होतं. मे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात शाळांमधलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवलं. दोनच महिन्यांत मिसिसिपीतल्या इंडियानोला गावी पहिलं सिटिझन्स कौन्सिल उभं राहिलं. हे लोक बुरखे घालून रात्री फिरणारे नव्हते. बँकवाले, वकील, व्यापारी, गावातली प्रतिष्ठित मंडळी होती ती. १९५५-५६ मध्ये अलाबामातच माँटगमेरीचा बस बहिष्कार झाला. ‘मॉकिंगबर्ड’ने ही सगळी धग मागे टाकून कथा १९३०च्या दशकात, मंदीच्या दिवसांत नेली. तिथे अ‍ॅटिकसपुढे एकच परीक्षा होती: खोट्या आरोपात अडकलेल्या माणसाचा बचाव करायचा की नाही. ती त्याने दिमाखात पार केली. त्याच माणसाच्या नातवंडांनी आपल्या नातवंडांच्या बाकावर बसावं का, हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नाही. दक्षिणेत असे सज्जन गोरे होते ज्यांची माया, न्यायबुद्धी, शिष्टाचार सगळं खरं होतं आणि बरोबरीचा प्रश्न आला की जे तिथेच थांबत. ‘वॉचमन’मधला अ‍ॅटिकस बिघडलेला नाही. त्याला फक्त पुढचा प्रश्न विचारला गेला आहे.

लींच्या घरातच हा नमुना होता. त्यांचे वडील ए. सी. ली वकील, वृत्तपत्राचे संपादक आणि राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य होते. त्यांनी तरुणपणी दोन कृष्णवर्णीय आरोपींचा बचाव केला होता, त्या दोघांना फाशी झाली. हेच गृहस्थ आयुष्याचा बराच काळ वर्णविभाजनाचे समर्थक होते आणि उतारवयात त्यांची मतं बदलत गेली. इतिहासकार जोसेफ क्रेस्पिनो यांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर एक चरित्रात्मक ग्रंथच लिहिला. मुलीने बापाची दोन्ही रूपं पाहिली होती. आधी तिने कडू रूप लिहिलं, मग लहानपणी दिसलेलं.

आणि ‘मॉकिंगबर्ड’ नीट वाचणाऱ्यांना सुगावा लागलेलाही होता. कायद्याचे प्राध्यापक मन्रो फ्रीडमन यांनी १९९२ मध्येच लिहिलं होतं की अ‍ॅटिकसने भोवतालच्या व्यवस्थेला कधी आव्हान दिलं नाही, हा खटलाही न्यायालयाने गळ्यात घातला म्हणून चालवला. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यूयॉर्कर’मध्ये हाच धागा पुढे नेला. मुलांशी बोलताना कू क्लक्स क्लानला एक राजकीय संघटना म्हणून उडवून लावणारा अ‍ॅटिकस ‘मॉकिंगबर्ड’मध्येच आहे. वाचकांनी ते वाक्य पन्नास वर्षं वाचलं आणि ओलांडलं.

म्हणून ‘वॉचमन’ने अ‍ॅटिकसचा घात केला, हा आरोप मान्य करता येत नाही. पुस्तक वाईट आहे ते वेगळ्या कारणाने. पूर्वार्धात लींची नजर जिवंत आहे. सव्वीस वर्षांची जीन लुईस ज्या सज्ज्यातून कौन्सिलची सभा बघते, तो न्यायालयाचा तोच सज्जा, जिथे लहानपणी ती कृष्णवर्णीय प्रेक्षकांमध्ये बसत असे. तिथून ती भेलकांडत बाहेर पडते आणि जिथे तिचं लहानपणीचं घर होतं त्या जागी उभ्या राहिलेल्या आइस्क्रीमच्या दुकानापाशी तिला ओकारी होते. घर गेलं, बाप गेला. एवढ्यात सगळं सांगून झालं आहे. पण शेवटच्या एक-तृतीयांश भागात कादंबरी संपते आणि वादविवाद सुरू होतो. बाप-लेकीचं भांडण राज्यांच्या हक्कांवरच्या व्याख्यानासारखं होतं. मग काका जॅक येतो, लांबलचक भाषण करतो, पुतणीच्या थोबाडीत मारतो आणि तिला पटवतो की तिने बापाला देव मानलं होतं, आता तो माणूस झाला. जीन लुईस त्याचं ऐकते, बापाला माफ करते, गाडीत बसते. ज्या माणसांच्या हक्कांवरून हा सगळा संताप पेटला, त्यांचं काय झालं हे विचारायला तिथे कोणी उरत नाही. खरी निराशा इथे आहे, आणि ती पुस्तकाच्या नावावर घालता येते.

या पुस्तकातलं सर्वांत धीट पान त्याआधी येऊन गेलेलं असतं. ज्या कृष्णवर्णीय कॅल्पर्नियाने आईवेगळ्या जेम आणि स्काउटला वाढवलं, तिचा नातू गाडी चालवताना एका दारुड्या गोऱ्याला धडकतो आणि तो माणूस मरतो. अ‍ॅटिकस वकीलपत्र घेतो, पण ते कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेच्या वकिलांनी गावात पाऊल टाकू नये म्हणून. जीन लुईस म्हाताऱ्या कॅल्पर्नियाला भेटायला तिच्या वस्तीत जाते. कॅल्पर्निया तिच्याशी पाहुण्यांपुढे वापरायच्या ठेवणीतल्या भाषेत बोलते, परक्या गोऱ्या बाईशी बोलावं तशी. रडकुंडीला आलेली जीन लुईस विचारते, तू आमचा तिरस्कार करायचीस का? म्हातारी बराच वेळ बसून राहते आणि मग नकारार्थी मान हलवते.

होहॉफ यांनी पूर्ण पुस्तक परत पाठवलं, तेव्हा हे पानही त्याबरोबर गेलं. ‘मॉकिंगबर्ड’मधली कॅल्पर्निया प्रेमळ आहे, कडक आहे, शहाणी आहे, पण तिच्या घरी बसून तिला हा प्रश्न कोणी विचारत नाही. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी मन्रोव्हिलमध्ये हार्पर ली वारल्या. जी कादंबरी या पानापासून सुरू झाली असती, ती त्यांनी लिहिली नाही.