रोह्याचे देशमुख आणि पेणचा बाहेरकाठा

जागतिक बँकेचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर लागतात: हात पसरणाऱ्याचा किंवा शिव्या घालणाऱ्याचा. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे या बँकेचा आणि नाणेनिधीचा आराखडा ठरत होता, तेव्हा भारतीय शिष्टमंडळात आपल्या रोह्याचे चिंतामणराव देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. शिष्टमंडळाचे नेतृत्व मात्र सर जेरेमी रेझमन या इंग्रज अर्थसदस्याकडे. पारतंत्र्यातल्या देशाला दुसरे काय मिळणार?

गंमत अशी की हा पारतंत्र्यातला देश त्या घडीला ब्रिटनचा सावकार होता. युद्धासाठी पुरवलेल्या मालाचे आणि केलेल्या खर्चाचे पौंड लंडनमध्ये भारताच्या नावे साठत होते. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम सुमारे १३० कोटी पौंडांवर गेली. कुणाच्या पोटाला चिमटा काढून ती जमली, हे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने दाखवलेच होते. तिचा काही भाग नाणेनिधीमार्फत इतर चलनांत वापरता यावा, अशी मागणी शिष्टमंडळातले ए. डी. श्रॉफ यांनी परिषदेत मांडली. ती मान्य झाली नाही. हे देणे ब्रिटन भारताशी परस्पर मिटवील, एवढे ब्रिटनच्या बाजूने अर्थतज्ज्ञ केन्स यांनी सांगितले. मागासलेल्या देशांच्या विकासाचा उल्लेख निधीच्या उद्दिष्टांत यावा, हा भारताचा दुसरा आग्रह. तिथे तो पातळ झाला. बँकेच्या पहिल्या कलमात मात्र कमी विकसित देशांच्या उत्पादनसाधनांची वाढ हे उद्दिष्ट आले.

पुढे ज्याला ‘मदत’ म्हणू लागले, त्याच्या मुळाशी असा थकलेल्या येण्याचा हिशेब आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये भारताला बँकेचे पहिले कर्ज मिळाले, रेल्वेसाठी ३.४ कोटी डॉलर. १९५० च्या पॅरिस येथील वार्षिक बैठकीचे अध्यक्ष देशमुखच होते. (मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडणारे देशमुख आपल्याला पाठ आहेत, ब्रेटन वुड्सचे देशमुख मात्र रायगडकरही विसरले.)

त्याच बँकेचा पैसा पुढे रोह्याशेजारच्या पेण तालुक्यात आला, राष्ट्रीय चक्रीवादळ धोके निवारण प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातून, नारवेल-बेनवलेच्या खारबांधासाठी. त्याचे मोल खारेपाटातल्या माणसाला विचारावे. बाहेरकाठ्याला, म्हणजे खाडीकडच्या बांधाला, खेकड्यांनी बिळे पाडलेली, पाणी सोडायच्या उघाडीची झडप नीट मिटत नाही, आणि पावसाळ्यातल्या उधाणाला बांध फुटून खांड जाते. एका भरतीत खारे पाणी भातखाचरात शिरते. पाणी ओसरते, मीठ राहते; पुढे दोन-तीन पावसाळे पीक धड येत नाही. पूर्वी गावकरी मिळून बांध राखत. आता ते काम खारभूमी विभागाचे. खांड बुजवणे एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही, ग्रामपंचायतीच्याही नाही. परदेशी कर्ज घ्यायचेच तर अशा कामाला घ्यावे, असे माझे मत आहे.

विकासाचा दुसरा नमुनाही याच तालुक्याने पाहिला. निर्यात वाढवायची म्हणून महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ) येणार होते. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारला शेतकऱ्यांचे मतदान घ्यावे लागले. जमीन द्यायची की नाही, असा रोखठोक प्रश्न होता. पुढे तो प्रकल्प बारगळला. या मतदानाला विकासविरोध म्हणणाऱ्यांनी ब्रेटन वुड्स आठवावे. आमच्या वाढीची दिशा आम्हाला विचारून ठरवा, हेच तर तिथे आपले म्हणणे होते.

ते म्हणणे आजही पुरते ऐकले गेलेले नाही. बँकेत अमेरिकेची मते १५ टक्क्यांहून अधिक, भारताची तीनच्या आसपास. सध्याचे अध्यक्ष अजय बंगा जन्माने खडकीचे, पण त्या खुर्चीवर बसले ते अमेरिकेचे उमेदवार म्हणून. तेव्हा दिल्लीने तिथे मतांचा वाटा वाढवून मागावा, हे रास्तच आहे. पण तोच न्याय दिल्ली-मुंबईने खाली पेणच्या खारेपाटातल्या वाशी-वढावला लावायला नको का? प्रकल्पाला मुदत असते, उधाणाला नसते. बांधाच्या कर्जाचा करार सहीआधी ग्रामसभेत मराठीतून वाचला जावा, आणि दरवर्षीच्या डागडुजीचा पैसा कुठून येणार हे त्यात लिहिलेले नसेल, तर ग्रामसभेला तो परत पाठवता यावा.