पुड्या कुणाच्या?

फरीदाबादच्या एनआयटी भागात एक टर्नर राहत होता. मूळचा सांगलीकडचा, लेथवर उभं राहून राहून घर उभं केलेला. त्याच्या विशीतल्या पोराला पोलिसांनी बाटा चौकाजवळ धरलं. खिशात स्मॅकच्या दोन पुड्या निघाल्या. बरोबरच्या दोस्ताकडेही तेवढ्याच.

जामीन झाला. सेक्टर 12 च्या कोर्टात वकिलाच्या टेबलापाशी बाप म्हणाला, "वकीलसाहेब, पुड्या आमच्या नाहीतच, असं लिहा. आमच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही."

"लिहितो की. मग साक्षी, पुरावे, तारखा. दुसरी वाट आहे, अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचं कलम 64-अ. स्मॅक म्हणजे हेरॉइनच. ते 5 ग्रॅमहून कमी असेल, आणि व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त दवाखान्यात उपचाराला गेला, तर खटल्यातून माफी मिळू शकते. दोषी ठरवणं नाही, शिक्षा नाही. पण पोराला व्यसन आहे, हे आधी कबूल करावं लागतं."

बाप खाली बघू लागला. शेवटी पोराची आईच बोलली. "अहो, दिवाळीत माझी पाटली कुठं गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. मग कोर्टापासूनच तेवढं कशाला लपवायचं?"

वकिलाने मुंबईचं उदाहरण दिलं. कोकेन प्रकरणात 2001 साली पकडलेल्या फरदीन खान या नटाने केईएम रुग्णालयात उपचार घेतले. त्याला याच कलमाखाली माफी मिळाली ती 2012 साली. "म्हणजे घाई करू नका. आणि उपचार अर्धवट सोडले तर माफी काढूनही घेतात. खरं बोललात तर सूट मिळते, शेवटपर्यंत निभावलंत तरच ती टिकते."

दोन्ही पोरं गाझियाबादला एम्सच्या व्यसनमुक्ती केंद्रात गेली. अटकेनंतर जाणारा कितपत आपणहून जातो, यावर वकील मंडळी खुशाल वाद घालोत. पहिल्या रात्री हाडं ठणकतात, नाक गळतं, अंगावर काटा येतो आणि जांभया थांबत नाहीत, तेव्हा उठून न जाणं हे मात्र ज्याचं त्यालाच करावं लागतं. जिभेखाली ठेवलेली औषधाची गोळी विरघळायला वेळ लागतो. तोवर नर्स समोरून हलत नाही.

दोस्ताला आठवड्यात बरं वाटलं. "आता मी ठीक आहे," म्हणून तो घरी आला, तो परत गेलाच नाही. त्याचा खटला जिथं थांबला होता तिथून पुढं चालू झाला.

टर्नरचा पोरगा घरी आल्यावरही गोळीसाठी जात राहिला. बाटा चौकातून मेट्रो, काश्मिरी गेटला गाडी बदलायची, पुढं गाझियाबाद. बाप सोबत असे; रात्रपाळी मागून घेतली होती त्याने. वाटेत दोघं फारसं बोलत नसत. एकदा पोराने लघवीच्या तपासणीला जायचं टाळलं, तेव्हा बाप दवाखान्याच्या पायरीवर बसून राहिला. तासाभराने पोरगा आपणच आत गेला.

डॉक्टरांचा अहवाल कोर्टात पोचला, आणि पुढच्या एका तारखेला खटला मिटला. आई हात जोडून उभी होती. बाप पेढे आणायला निघाला, तसं वकिलाने त्याला थांबवलं.

"आधी आदेशाची प्रमाणित प्रत काढा. नोकरीच्या वेळी पोलीस पडताळणीत एफआयआर दिसणारच आहे, तेव्हा हा कागद दाखवावा लागेल."

बापाने तीन प्रतींचे पैसे भरले.