पेरणाऱ्याचा वाटा

एखादा शिक्षक निवृत्त होतो किंवा देवाघरी जातो, तेव्हा आपण त्याचा गौरव कोणत्या शब्दांत करतो? “त्यांच्या हाताखालून अमुक डॉक्टर झाला, तमुक कलेक्टर झाला,” असे बहुधा आपण म्हणतो. शिष्यांच्या यादीवरून गुरूचे मोल ठरविण्याची ही रीत इतकी रूढ आहे की, ती योग्य आहे काय, असा प्रश्नही आपल्याला पडत नाही. प्रिय वाचकहो, एका हायस्कूल शिक्षकाच्या जीवनाचे स्मरण करून आज आपण या प्रश्नाचा विचार करू या.

लास्लो रात्स यांचा जन्म १८६३ साली हंगेरीतील शोप्रोन या गावी झाला. १८९० पासून १९२५ पर्यंत, म्हणजे तब्बल पस्तीस वर्षे, त्यांनी बुडापेस्ट येथील लूथरन हायस्कुलात गणित शिकविले. १९०९ ते १९१४ या काळात ते तेथे मुख्याध्यापकही होते. शाळा ख्रिस्ती असली तरी तेथे यहुदी घरांतील पुष्कळ मुले शिकत. दानिएल अरान्य या शिक्षकाने माध्यमिक शाळांतील मुलांसाठी गणिताचे एक मासिक सुरू केले होते. १८९६ पासून १९१४ पर्यंत त्याच्या संपादनाचा भार रात्स यांनी वाहिला. त्यात गणिते छापून येत, मुले ती सोडवून पाठवीत आणि सोडविणाऱ्यांची नावे मासिकात झळकत. राजधानीपासून दूर राहणाऱ्या, चांगल्या शाळेस मुकलेल्या मुलासही त्यायोगे एक उत्तम शिक्षक लाभत असे. १९३० साली रात्स निवर्तले.

त्यांच्या वर्गातील दोन मुले पुढे जगप्रसिद्ध झाली. युजीन विग्नर यांस १९६३ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या भाषणात त्यांनी आपल्या शिक्षकांचे ऋण आवर्जून व्यक्त केले. अमेरिकेतील आपल्या खोलीत त्यांनी रात्स यांचे चित्र लावले होते. दुसरा विद्यार्थी जॉन फॉन नॉयमन. या मुलाची बुद्धी असामान्य आहे, हे रात्स यांनी ओळखले आणि त्याच्या वडिलांची गाठ घेतली. शाळेचे गणित या मुलास पुरणार नाही, विद्यापीठातील विद्वानांकडून त्यास शिकवणी मिळावी, असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे गाबोर सेगो यांच्यासारखे गणिती त्यास शिकवू लागले.

येथे क्षणभर थांबावे. आपल्या वर्गातील सर्वांत तेजस्वी मुलगा आपल्यापेक्षा थोर शिक्षकाच्या हाती सोपविणे सोपे नसते. असा मुलगा म्हणजे शिक्षकाची उमेद आणि प्रतिष्ठाही. रात्स यांनी ती प्रतिष्ठा पाहिली नाही, मुलाची गरज पाहिली.

परंतु कथेचा पुढील भाग अवघड आहे. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर अणुबाँब पडला. त्यातील प्लुटोनियम ज्या अणुभट्ट्यांत तयार झाले, त्यांची आखणी करणाऱ्या गटाचे प्रमुख विग्नर होते. तो बाँब ज्या तंत्राने फुटला, त्याच्या गणितात नॉयमन यांचा मोठा वाटा होता. कोणत्या शहरांवर बाँब टाकावा, याचा विचार करणाऱ्या समितीतही नॉयमन बसले. विग्नर यांनी मात्र, जपानला आधी शरणागतीची संधी द्यावी, अशी विनंती करणाऱ्या अर्जावर जुलै १९४५ मध्ये सही केली. तो अर्ज निष्फळ ठरला. बाँब फुटला तो उराकामी भागावर, जेथे जपानमधील ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती आणि त्यांचे कॅथेड्रल होते.

आता सांगा, नोबेल पारितोषिकाचा मान रात्स यांच्या पदरी घालावयाचा, तर नागासाकीचा दोष कोणाच्या पदरी घालावा? शिष्याच्या यशात गुरूचा वाटा आणि शिष्याच्या कृत्यांत मात्र नाही, असा हिशेब प्रामाणिक म्हणता येणार नाही. एकतर दोन्ही स्वीकारावे लागेल किंवा दोन्ही बाजूंस ठेवून गुरूचे मोल अन्य कशावरून तरी ठरवावे लागेल.

मला दुसरा मार्ग योग्य वाटतो. प्रभूने सांगितलेल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी एकच, हातही एकच, पण जमिनी निरनिराळ्या आहेत. रात्स निवर्तल्यास पंधरा वर्षे झाली होती. शिकविलेल्या विद्येचा उपयोग कसा करावा, याचा निर्णय त्या दोन प्रौढ माणसांचा होता आणि एकाच वर्गातून आलेल्या त्या दोघांचे निर्णयही अखेरीस एकसारखे झाले नाहीत.

मग शिक्षकावर काहीच जबाबदारी नाही काय? आहे, आणि ती थोडीथोडकी नव्हे. बी कसे निवडले, जमिनीची मशागत किती केली, एखादे मूल दुर्लक्षित राहिले काय, ज्ञानाबरोबर विवेकाचाही संस्कार दिला काय, याचा जाब त्यास द्यावा लागेल. मात्र जो जाब त्याच्या हातातील कामाचा, तोच त्याच्या गौरवाचाही आधार असावा. रात्स यांच्या वर्गात पस्तीस वर्षांत कितीतरी मुले बसली. त्यांतील बहुतेकांची नावे जगाला ठाऊक नाहीत. त्यांच्यासाठी तपासलेल्या वह्या आणि दूरच्या मुलांसाठी छापलेली गणिते, हे सारे दोन नावांपेक्षा कमी मोलाचे नव्हते.

वाचकहो, आपल्या मंडळीत आणि आपल्या शाळांत असे शिक्षक आहेत, ज्यांचा एकही विद्यार्थी वर्तमानपत्रात झळकला नाही. शोकसभेची वाट न पाहता त्यांस भेटा किंवा पत्र लिहा. आपण काय झालो हे सांगण्याची आवश्यकता नाही. त्यांनी आपल्यासाठी काय केले, ते मात्र आठवून, नेमकेपणाने लिहा.